घरगुती कर्मशाळेसाठी ड्रिल-यंत्राची निवड

भोक पाडणे ही क्रिया दिसावयास अगदी क्षुल्लक आहे. परंतु मनुष्याच्या हातून होणाऱ्या कोणत्याही जोडकामाकडे पाहावे. खुर्चीचा पाय असो, सायकलीचे मडगार्ड असो, खिडकीची जाळी असो, भोकावाचून त्यांतील एकही वस्तू उभी राहत नाही. स्क्रू, बोल्ट, रिव्हेट व लाकडी खुंटी या सर्वांचे घर म्हणजे भोक. घर वाकडे झाले की बोल्ट वाकडा बसतो, बोल्ट वाकडा बसला की सांधा ढिला होतो, आणि सांधा ढिला झाला की चांगल्या मालाची व चांगल्या मेहनतीची एकदमच माती होते. म्हणून भोक कोठे पडले याबरोबरच ते सरळ पडले की नाही, हा प्रश्न कारागिराने प्रथम विचारला पाहिजे.

ही विद्या फार पुरातन आहे. बलुचिस्तानातील मेहरगढ येथे सापडलेल्या काही दातांत गारगोटीच्या टोकाने पाडलेली बारीक भोके आढळली. ते दात सुमारे ९,००० ते ७,५०० वर्षांपूर्वीच्या माणसांचे असून त्यांविषयीचा शोधनिबंध इ. स. २००६ साली प्रसिद्ध झाला. खंबायतचे कारागीर धनुष्याच्या दोरीने सळई फिरवून, टोकास हिऱ्याची कणी लावून, अकिकाच्या मण्यांना भोके पाडीत आले आहेत. आपल्या गावच्या सुताराचा सामता हाही त्याच कुळातला. पुढे अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानात स्टीफन मोर्स याने पिळाच्या ड्रिलाचे पेटंट इ. स. १८६३ मध्ये घेतले. त्या पिळाच्या चरांतून कीस आपोआप वर निघून येतो, म्हणून खोल भोक पाडताना टोक अडकत नाही. विजेवर चालणाऱ्या ड्रिलाचे पेटंट ऑस्ट्रेलियातील मेलबर्न येथे अर्नॉट व ब्रेन या दोघांनी इ. स. १८८९ मध्ये मिळविले, आणि इ. स. १८९५ मध्ये जर्मनीतील फाइन यांच्या कारखान्यातून हातात धरावयाचे विजेचे ड्रिल बाहेर पडले. विजेने हातास बळ दिले खरे. तथापि हातास सरळपणा काही दिला नाही. ते काम उभ्या ड्रिल-यंत्राचे आहे.

या यंत्रास दुकानात कोणी 'बेंच ड्रिल' म्हणतात, कोणी 'पिलर ड्रिल' म्हणतात. त्याची रचना अशी : खाली बिडाची जड बैठक, तिच्यावर उभा पोलादी खांब, खांबाच्या शिरावर डोके, त्यात मोटार, पट्टा व पुल्या, डोक्यातून खाली येणारा फिरता दांडा, म्हणजे स्पिंडल, स्पिंडलाच्या टोकास ड्रिल धरणारा चक, आणि चकाखाली, खांबास धरून वरखाली होणारे टेबल. बाजूचा दांडा ओढला की स्पिंडलास पोटात घेऊन असलेली नळी, जिला क्विल म्हणतात, ती सरळ खाली येते. हात कितीही थरथरला तरी ड्रिल त्या एकाच रेषेतून उतरते. या यंत्राचे सारे महत्त्व या एका गोष्टीत साठविलेले आहे.

गेल्या काही वर्षांत पुष्कळ पालक आम्हांस विचारू लागले आहेत, की मुलास हातकामाची आवड आहे, घरी एक ड्रिल-यंत्र घ्यावयाचे आहे, तर कोणते घ्यावे? कोणाचा मुलगा आय. टी. आय. मधून बाहेर पडलेला असतो व घरच्या पडवीत चार पैसे मिळविण्याची त्याची इच्छा असते. अशा घरी यंत्राची किंमत ही कित्येक महिन्यांची शिल्लक असते. दुकानात गेल्यावर मात्र डोळ्यांपुढे येतो तो चकचकीत रंग, कानावर येते ती मोटारीची हॉर्सपॉवर, आणि पाटीवर वाचावयास मिळते ती वेगांची संख्या. या तिन्ही गोष्टींनी मनुष्य भुलतो. आमचे सांगणे थोडक्यात असे आहे की, ड्रिल-यंत्राचा पहिला गुण बळ नव्हे, वेगही नव्हे. पहिला गुण खरेपणा होय. स्पिंडल न डगमगता फिरला पाहिजे आणि टेबल त्याच्याशी काटकोनात राहिले पाहिजे. हा खरेपणा पारखण्यास अभियंता लागत नाही. सायकलीचा एक जुना स्पोक, एक गुण्या, खिळा ठोकलेला एक ठोकळा आणि वहीचे चार कागद एवढ्या साहित्यावर कोणताही शाळकरी मुलगा अथवा मुलगी अर्ध्या तासात हे काम करू शकेल. ते कसे करावे हे सांगण्यापूर्वी आपणांस यंत्र किती मोठे पाहिजे हे ठरविले पाहिजे.

प्रथम एका कागदावर गेल्या वर्षात घरी कोणकोणती भोके पाडावी लागली, अथवा पुढील वर्षी पाडावयाची आहेत, त्यांची यादी करावी. त्या यादीत भिंतीवर फळी टांगणे आणि पडद्याचा दांडा बसविणे एवढेच असेल, तर उभे यंत्र घेऊच नये. भिंत काही उचलून टेबलावर ठेवता येत नाही, त्यास हातातले ड्रिलच पाहिजे. यादीत लाकडाची स्टुले, खेळणी, पत्र्याच्या पेट्या, विज्ञान-प्रदर्शनातील उपकरणे, सायकलीची व शेतीच्या अवजारांची किरकोळ दुरुस्ती अशी कामे असतील, तर बाकावर ठेवावयाचे व १३ मि.मी.पर्यंत ड्रिल धरणारे यंत्र पुरेसे आहे. ज्यास लोखंडी जाळ्या, दरवाजे, यंत्रांचे भाग असे काम करून त्यावर पोट भरावयाचे आहे, त्याने २० अथवा २५ मि.मी. क्षमतेचे, जमिनीवर उभे राहणारे आणि स्पिंडलात मोर्सची निमुळती खोबण असलेले यंत्र पाहावे. या खोबणीत मोठे ड्रिल चकावाचून थेट बसते व निसटत नाही. हातातले ड्रिल अडकवून ठेवण्याच्या स्वस्त घोड्याही मिळतात. त्यांवर लाकडात चार-सहा भोके निभावतात. परंतु त्यांच्या सांध्यांत खेळ फार असतो, म्हणून लोखंडाच्या कामात त्यांवर भिस्त ठेवू नये.

आता मापांविषयी. यंत्रास २५० मि.मी.चे म्हणतात तेव्हा खांबापासून चकाच्या मध्यापर्यंतचे अंतर त्याच्या निम्मे, म्हणजे १२५ मि.मी. असते. याचा अर्थ एवढाच की, २५० मि.मी. रुंदीच्या फळीच्या मध्यभागी त्यावर भोक पाडता येईल. ग्राहक पुष्कळदा हे अंतर दुप्पट समजून घरी येतो आणि मग कपाटाच्या रुंद फळीपुढे हतबुद्ध होतो. दुसरे माप क्विलच्या चालीचे, म्हणजे दांडा पूर्ण ओढला असता ड्रिल किती खाली येते याचे. लहान यंत्रात ही चाल सुमारे ५० मि.मी. असते, ७५ मि.मी. जाडीच्या लाकडात आरपार जावयाचे झाल्यास मध्येच थांबून टेबल उचलावे लागते, आणि टेबल उचलताना ते किंचित जरी फिरले तरी भोकाची रेषा मोडते. म्हणून लाकूडकाम करणाराने ८० मि.मी.च्या आसपास चाल असलेले यंत्र पसंत करावे. तिसरे, टेबल वरखाली करण्यास दातेरी पट्टी व फिरवावयाची मूठ आहे की नाही ते पाहावे. ती नसेल तर जड टेबल एका हाताने पेलून दुसऱ्या हाताने आवळावे लागते, व मुलांच्या हातून हे नीट होत नाही. चौथे, ठरावीक खोलीवर ड्रिल थांबविणारा आडाखा घट्ट राहतो की दाबाने सरकतो, हे दुकानातच करून पाहावे.

वेगाची गोष्ट जरा विस्ताराने सांगितली पाहिजे, कारण येथे शाळेतील गणित प्रत्यक्ष उपयोगी पडते. ड्रिल मिनिटास किती फेरे घेते यापेक्षा त्याची कडेची धार मिनिटास किती मीटर चालते, यावर कापणे अवलंबून असते. साध्या नरम पोलादास सामान्य हाय-स्पीड पोलादाच्या ड्रिलाने मिनिटास सुमारे २५ मीटर ही चाल मानवते. दहा मि.मी. व्यासाच्या ड्रिलाचा परीघ ३१.४ मि.मी.; त्याने मिनिटास ८०० फेरे घेतले तर धार सुमारे २५ मीटर चालली. यावरून एक सोपा नियम निघतो : ८,००० या संख्येस ड्रिलाच्या व्यासाने, मिलिमीटरांत, भागावे, येईल तो नरम पोलादासाठी मिनिटाचे फेरे. पाच मि.मी.च्या ड्रिलास १,६००, सोळा मि.मी.च्या ड्रिलास ५००, वीस मि.मी.च्या ड्रिलास ४००. गंज न चढणाऱ्या पोलादास, म्हणजे स्टेनलेस स्टीलला, याच्या निम्मा वेग ठेवावा. पितळेस दुप्पट आणि ॲल्युमिनियमला दुप्पट ते तिप्पट चालतो. लाकडात लहान ड्रिल पुष्कळ वेगाने फिरविता येते. परंतु मोठ्या व्यासाचे रुंद टोक वेगाने फिरविल्यास लाकूड करपते व धूर निघतो.

या हिशेबावरून ध्यानात येईल की, यंत्रास पाच वेग आहेत की सोळा, हा प्रश्न गौण आहे. विचारावयाचे ते हे, की सर्वांत कमी वेग किती? पत्र्यात ५० मि.मी.चे मोठे भोक पाडण्यासाठी दातेरी वर्तुळाकार करवत लावतात, तिला दुकानात होल-सॉ म्हणतात. आपल्या नियमाप्रमाणे तिला पोलादात मिनिटास १६० फेरेच पाहिजेत. पुष्कळशा लहान यंत्रांचा सर्वांत कमी वेग पाचशेच्या घरात असतो. अशा यंत्रावर ती करवत लावली की दात निळे पडून बोथट होतात, आणि दोष मात्र करवतीच्या माथी मारला जातो. ज्याच्या यादीत लोखंडाचे काम अधिक आहे त्याने कमी वेग असलेले यंत्रच घ्यावे, मग वरचा वेग थोडका असला तरी चिंता नाही.

पट्टा एका पुलीवरून दुसरीवर चढवून वेग कमी केला म्हणजे फिरविण्याचे बळ त्याच प्रमाणात वाढते; वेग निम्मा, तर बळ दुप्पट. हा तरफेचाच नियम आहे. बटन फिरवून विजेच्या युक्तीने वेग कमी करणारी यंत्रे सोयीची असतात, परंतु त्या सर्वांत बळ अशा रीतीने वाढत नाही. म्हणून मोठ्या भोकांच्या कामास पुल्यांची जुनी योजनाच आम्हांस अधिक भरवशाची वाटते. एक हॉर्सपॉवर म्हणजे ७४६ वॅट. तेरा मि.मी.च्या यंत्रास अर्धी हॉर्सपॉवर, म्हणजे ३७३ वॅट, ही खऱ्या अर्थाने असेल तर घरकामास पुरते. हॉर्सपॉवरचा मोठा आकडा आणि त्याखाली कागदासारखे हलके बीड, ही जोडी मात्र वर्ज्य समजावी.

विजेच्या बाबतीत तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, आपल्या घरात बहुधा सिंगल फेज, २३० व्होल्टची वीज असते. कारखान्यातून निघालेल्या जुन्या यंत्रास बहुधा थ्री-फेज मोटार असते. ती घरच्या विजेवर तशीच चालत नाही. मोटार बदलण्याचा अथवा फेज बदलून देणारे उपकरण लावण्याचा खर्च किमतीत मिळवूनच सौदा करावा. दुसरी, यंत्रास तीन पायांचा प्लग व घरास खरी अर्थिंग असल्याविना यंत्र सुरू करू नये. तिसरी गोष्ट आपल्या इकडे फार महत्त्वाची आहे. काम चालू असता वीज जाते, मनुष्य बटन तसेच ठेवून चहास उठतो, आणि मूल टेबलावर हात ठेवून उभे असता वीज अकस्मात परत येते. असे होऊ नये म्हणून वीज गेली असता आपोआप उघडणारे, आणि पुन्हा दाबल्याखेरीज यंत्र सुरू न करणारे बटन मिळते. यंत्रावर ते नसेल तर इलेक्ट्रिशियनकडून बसवून घ्यावे. रंगावर पैसे घालण्यापेक्षा या बटनावर घातलेले चांगले.

आता मुख्य विषय, म्हणजे खरेपणाची परीक्षा. या चारही परीक्षा प्लग काढून ठेवून, स्पिंडल हाताने फिरवून करावयाच्या आहेत. कागद हे आपले माप. वहीच्या शंभर कागदांची चळत घट्ट दाबून पट्टीने मोजली तर ती सुमारे १० मि.मी. भरते, म्हणजे एक कागद सुमारे ०.१ मि.मी. जाड झाला.

पहिली परीक्षा डगमगीची. चकात गुळगुळीत व सरळ अशी पोलादी सळई घट्ट धरावी; दहा मि.मी. जाडीच्या नव्या ड्रिलाचा मागचा गोल दांडा वर उरेल असे धरले तरी चालेल. एका ठोकळ्यात आडवा खिळा ठोकून तो ठोकळा टेबलावर अशा बेताने आवळावा, की खिळा व सळई यांमध्ये नेमका एक कागद सरकेल. मग स्पिंडल हळूहळू एक पूर्ण फेरा फिरवावा. सर्वत्र तोच कागद तसाच सरकला तर यंत्र उत्तम. एका बाजूस एक कागद व समोरच्या बाजूस दोन असा फरक आला तर घरकामास चालवून घ्यावे. तीन-चार कागद मावू लागले तर सळई डगमगते असे समजावे. अशा यंत्रावर दोन मि.मी.चे बारीक ड्रिल मोडेल व भोक मापापेक्षा मोठे पडेल. हा दोष कधी चकाचा असतो, कधी स्पिंडलाचा. दुकानदारास दुसरा चक लावावयास सांगावे. दोष गेला तर चक बदलून घ्यावा. तो भाग फार महाग नसतो. दोष कायम राहिला तर ते यंत्र तेथेच सोडावे, कारण वाकडा स्पिंडल घरी सरळ होत नाही.

दुसरी परीक्षा खेळाची. दांडा पूर्ण ओढून क्विल खाली आणावी आणि चक हातात धरून डावीउजवीकडे व पुढेमागे हलवावा. हातास खटखट जाणवली, तर क्विल तिच्या घरात सैल आहे. वर असताना सर्वच यंत्रे घट्ट लागतात. म्हणून ही परीक्षा क्विल खाली आणूनच केली पाहिजे.

तिसरी परीक्षा काटकोनाची, आणि ही सर्वांत सुंदर आहे. सायकलीचा स्पोक दोन ठिकाणी काटकोनात असा वाकवावा, की त्याचे एक टोक चकात उभे राहील, मधला भाग आडवा जाईल व दुसरे टोक खाली टेबलाकडे पाहील. मधला भाग ७५ मि.मी.चा ठेवला, तर स्पिंडल फिरविल्यावर खालचे टोक १५० मि.मी. व्यासाचे वर्तुळ काढील. टेबलाच्या उजव्या बाजूस हे टोक एका कागदावर जेमतेम टेकेल इतके टेबल उचलून आवळावे. मग टोक डावीकडे, पुढे व मागे नेऊन तेथे किती कागद मावतात ते पाहावे. फरक एक मिलिमीटर, म्हणजे दहा कागदांचा आला, तर ७५ मि.मी. जाडीच्या लाकडातून ड्रिल बाहेर निघेपर्यंत अर्धा मिलिमीटर बाजूस गेलेले असेल. डावीउजवीकडील दोष बहुतेक यंत्रांत टेबलाखालचा बोल्ट सैल करून दूर करता येतो, म्हणून त्याने घाबरू नये. पुढेमागे दिसणारा दोष मात्र ओतकामातच असतो. तो खाली पत्र्याच्या पट्ट्या घालून कसाबसा झाकता येतो, नाहीसा होत नाही.

चौथी परीक्षा ताठपणाची. टेबलावर लाकडाचा ठोकळा ठेवावा, चकात बोथट सळई धरावी आणि भोक पाडताना देतो तितका जोर दांड्यावर द्यावा. त्या वेळी दुसऱ्या कोणी टेबलावर गुण्या उभा करून तो सळईच्या पुढच्या बाजूस लावून पाहावा. दाब पडताच सळई व गुण्या यांमध्ये फट उघडली, तर टेबल खाली झुकते आहे, अथवा खांब मागे लवतो आहे. विश्रांतीत सरळ आणि कामात वाकडे असे हे यंत्र. अशा यंत्राचे वजन पाहिले तर ते बहुधा हलकेच आढळेल. बिडाचे वजन येथे व्यर्थ नसते. ते कंप गिळते व आकार टिकविते. दोन यंत्रे इतर गुणांत सारखी असतील, तर उचलण्यास जड असेल ते घ्यावे.

कोणी म्हणेल, दुकानदार हे सर्व करू देईल काय? आमचा अनुभव असा आहे की, ज्याच्या मालात खोट नाही तो बहुधा आनंदाने करू देतो, आणि त्याच्या दुकानातील कारागीर तर कौतुकाने पाहावयास येतात. जो हात लावू देत नाही, त्याने आपल्या प्रश्नाचे उत्तर दिलेच आहे. घरपोच मागविलेल्या यंत्राची परीक्षा परत करण्याची मुदत संपण्यापूर्वी, खोका टाकून देण्याअगोदर करावी.

नवे यंत्र परवडत नसेल तर जुने घेण्यास संकोच करू नये. मुंबईतील नागदेवी स्ट्रीट, कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, अथवा आपल्या जवळच्या औद्योगिक वसाहतीतील एखादा बंद होणारा कारखाना, येथे चौकशी करावी. राजकोट, लुधियाना व बटाला येथे तयार झालेली साधी, जड यंत्रे आपल्या देशात पुष्कळ पसरली आहेत. जुन्या यंत्राचा रंग उडालेला असला, पट्टा फाटलेला असला, टेबलावर ड्रिलाने खाल्लेले खड्डे असले, तरी त्यांचे भय मानू नये. भय मानावे ते सैल क्विलचे, चिरलेल्या बिडाचे आणि घरघरणाऱ्या बेअरिंगांचे. बेअरिंगे बदलता येतात. चिरलेले बीड सहसा पहिल्यासारखे सांधत नाही. पट्टा काढून स्पिंडल बोटाने फिरवावा. तो रेशमासारखा फिरला तर वरच्या मळाकडे पाहू नये.

एक सूचना हिशेबाची. हातात असलेली सर्व रक्कम यंत्रावर घालू नये. तिचा तिसरा हिस्सा बाजूस ठेवावा. त्यातून टेबलावर बोल्टांनी बसणारा एक व्हाइस, दोन शिकंजे, भोकाची जागा ठोकून घेण्यासाठी एक सेंटर पंच, डोळ्यांचा बंद चष्मा आणि हाय-स्पीड पोलादाची चांगली ड्रिले घ्यावी. शंभर ड्रिलांचा स्वस्त संच घेण्यापेक्षा तीन ते दहा मि.मी.पर्यंतची निवडक दहा चांगली ड्रिले घेऊन त्यांस धार लावण्यास शिकावे. बोथट ड्रिल मनुष्यास जोर करावयास लावते, आणि जोर केला म्हणजे चांगले यंत्रही वाकडे काम करते.

आता आमच्या विद्यार्थी-विद्यार्थिनींसाठी सावधगिरीचे चार शब्द. ड्रिल खालच्या बाजूने बाहेर पडू लागते त्या क्षणी ते धातूस पकडते. हाताने धरलेली पट्टी तेव्हा पंख्याच्या पात्यासारखी गरकन फिरते व बोटे कापते. पत्रा व पितळ यांत तर हे हटकून होते. म्हणून काम नेहमी व्हाइसमध्ये अथवा शिकंज्यात आवळावे. लांब पट्टी असेल तर ती खांबाच्या डाव्या बाजूस टेकवून ठेवावी. चक वरून पाहता घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतो, त्यामुळे पट्टी फिरू लागली तरी खांबावर अडते. हातमोजे घालू नयेत. फिरते ड्रिल मोज्याचा एक धागा पकडते आणि धाग्यापाठोपाठ हात ओढते. मोकळे केस, ओढणी, साडीचा पदर, लांब बाही, गळ्यातील साखळी यांचेही तेच. चक आवळण्याची चावी चकातच विसरून बटन दाबणे हा घातक विसराळूपणा होय. चावी चकातून काढल्याशिवाय हात चावीवरून काढावयाचाच नाही, अशी सवय लावावी. कीस ब्रशाने झाडावा, बोटांनी नव्हे, फुंकरीने तर नव्हेच. यंत्राची बैठक बाकास बोल्टांनी जखडावी. आणि वडील माणूस जवळ असल्याशिवाय शाळकरी मुलाने यंत्र सुरू करू नये, हा नियम घरातील सर्वांनी पाळावा.

शेवटी पालकांस एक विनंती. अद्यापि पुष्कळ घरांतून मुलाने पुस्तक हातात धरले की समाधान वाटते व कानस हातात धरली की काळजी वाटते. हा भेद सोडावा. ज्यास आम्ही प्रभू म्हणतो तो स्वतः सुताराच्या घरी वाढला आणि त्याच्या हातांस रंधा व करवत यांची ओळख होती. श्रमास याहून मोठा मान कोणता द्यावयाचा? आणि हातकामाचा लाभ केवळ पैशाचा नाही. ज्या मुलीने कागद सरकवून स्पिंडलाचा डगमग शोधला, ज्या मुलाने स्पोक फिरवून टेबलाचा वाकडेपणा पाहिला, त्यांस रंगाला न भुलता वस्तूचे अंतरंग पारखण्याची सवय लागते. ही सवय त्यांस बाजारात उपयोगी पडेल, मनुष्यांची पारख करताना उपयोगी पडेल, आणि आपले स्वतःचे काम तपासतानाही उपयोगी पडेल.

तरी येत्या सुट्टीत, यंत्र विकत घेण्यापूर्वीच, प्रत्येकाने एक स्पोक वाकवून ठेवावा, वहीचे शंभर कागद मोजून त्यांची जाडी काढावी, आणि ओळखीच्या कारागिराची परवानगी घेऊन त्याच्या यंत्रावर या चार परीक्षा करून पाहाव्यात. चार-पाच यंत्रे अशी तपासल्यावर दुकानात जो जाईल, त्यास कोणी सहसा फसविणार नाही.